चार्जर कोणत्या भिंतीला

आमच्या गल्लीत त्यांना सगळे महापौर म्हणतात. खऱ्या महापौरांची गाडी आली तर लोक मागून हॉर्न वाजवून तिलाच बाजूला व्हायला लावतील, पण यांची गाडी दिसली की अख्खा रस्ता आपोआप मोकळा होतो. बसलेले उठून उभे राहतात, फोनवर हसणारे आवाज खाली आणतात, आणि एरवी कुणाच्या बापाला न जुमानणारे रिक्षावालेसुद्धा कडेला घेतात. हे महापालिकेच्या शववाहिकेचे चालक आहेत. टोपणनाव कुणी पाडलं ते आता कुणी कबूल करत नाही. त्यांच्या कानावर ते पहिल्यांदा गेलं तेव्हा त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "पगार मात्र चालकाचाच आहे."

माणूस सडपातळ, शर्टाला कडक इस्त्री, खिशात दोन रुमाल. एक स्वतःचा आणि एक द्यायचा. आवाज इतका हळू की किराणा दुकानात त्यांनी साबण मागितला तरी दुकानदार आधी विचारतो, "काय झालं?" कामावर हॉर्न वाजवायचा नाही, रेडिओ लावायचा नाही, कुणाला ओव्हरटेक करायचं नाही, हे तर झालंच. पण त्यांची खरी पंचाईत निघताना होते. आपण कुणाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणतो. त्यांनी ते म्हटलं तर लोक अंगावर धावून येतील. 'जातो' म्हणणंही बरं दिसत नाही. म्हणून ते नुसती मान हलवतात. ही सवय इतकी अंगात भिनली आहे की माझ्या घरून चहा पिऊन निघतानाही ते मान हलवतात आणि माझ्या बायकोला उगाचच धसका बसतो.

कामाची त्यांची मोजपट्टी एकच आहे: मागे बसलेल्यांना गचका लागता कामा नये. शहरातले गतिरोधक, खड्डे, खोदून नीट न बुजवलेले चर, सगळं त्यांना पाठ. कुठल्या गल्लीत कुठून शिरायचं हे ते आदल्या फेरीवरून ठरवतात. एकदा मी म्हटलं, "अहो, मागच्याला काय कळणार आहे?" ते म्हणाले, "मागे तो एकटा नसतो." त्यानंतर असल्या विनोदांच्या बाबतीत मी कानाला खडा लावला.

त्यांचं घर माझ्या घरासमोर. बैठं, दोन खोल्या पुढे, स्वयंपाकघर मागे, पुढे फाटक आणि एक गाडी उभी राहील एवढी फरशी घातलेली जागा. मागच्या बाजूला अरुंद बोळ. पुढच्या खोलीच्या खिडकीशी त्यांच्या आईचा पलंग आहे. आजींचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तो तिथे आला, आजींच्याच हुकमाने. डॉक्टर म्हणाले आतल्या खोलीत ठेवा, शांतता आहे. आजी म्हणाल्या, "शांततेला घाई कशाची आहे?" आजींची सगळी नोकरी बस स्थानकावर तिकिटाच्या खिडकीत गेली. खिडकीतून माणूस पाहिला की तो कुठे निघालाय आणि खरं सांगतोय की नाही हे त्यांना बसल्या जागी कळतं. आमच्या गल्लीत सीसीटीव्ही लावायचा विषय निघाला होता तेव्हा सगळ्यांनी एकमताने तो खर्च वायफळ ठरवला.

तर या खिडकीसमोर, या दारात, महापौरांनी आपली गाडी इतक्या वर्षांत एकदाही आणलेली नव्हती. गाडी महापालिकेच्या यार्डात ठेवायची आणि स्कूटरवर घरी यायचं. अवेळी बोलावणं आलं तरी आधी स्कूटरने यार्ड आणि मग गाडी. कारण नोकरी लागली त्या दिवशी आजींनी त्यांना सांगितलं होतं, "काम कर, कामाला नाव ठेवणार नाही. पण ती गाडी माझ्या दारात आणायची नाही." पोराने ऐकलं. पुढे पोराचे केस पांढरे झाले, त्याच्या पोरी लग्न होऊन लांब गेल्या, तरी त्याने ते मोडलं नाही. आमच्या गल्लीत आईचं ऐकणारे बरेच आहेत, पण इतकं शब्दाला धरून ऐकणारा हा एकच.

मग महापालिकेने विजेवरच्या गाड्या घ्यायचं ठरवलं आणि सगळा घोटाळा झाला.

वाहन विभागाच्या साहेबांनी महापौरांना बोलावलं. जुनी डिझेलची शववाहिका महिनाअखेर भंगारात जाणार, तिच्या जागी विजेवर चालणारी येणार. यार्डात चार्जर आहेत, पण ते कचऱ्याच्या गाड्यांनाच पुरत नाहीत, आणि शववाहिका तर रात्रीतून भरून तयार पाहिजे. तेव्हा चालकाच्या घरी चार्जर बसवायचा आणि गाडी तिथेच ठेवायची. खर्च महापालिकेचा, मीटर वेगळा, बिल महापालिकेच्या नावावर. महापौरांनी खिशात हात घालायचा प्रश्नच नव्हता.

"आणि घरी नाही जमलं तर?" महापौरांनी विचारलं.

"तर गाडी ठेकेदाराला द्यावी लागेल. त्याच्याकडे जागा आहे, त्याचेच चालक असतील. तुम्हाला काही घरी बसवणार नाही आम्ही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर जागा आहे." साहेब समजुतीने म्हणाले, "बढतीच समजा. इतके दिवस एकच बाजू पाहत होता."

साहेबांना हा विनोद वाटला असावा. महापौरांना नाही वाटला. त्यांना या कामाची लाज कधीच नव्हती आणि अभिमान आहे हे ते बोलून दाखवत नाहीत, पण आहे. ठेकेदाराची पोरं कशी गाडी हाकतात ते त्यांनी बघितलं होतं. स्मशानाच्या फाटकाशी करकचून ब्रेक मारतात आणि उतरल्या उतरल्या फोन काढतात. शहरातल्या लोकांना शेवटी यांच्या हातात द्यायचं, या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही. आणि दुसरीकडे आई. जी बाई पलंगावरून उठू शकत नाही, जिला दिवसभर समोर दिसतं ते फक्त खिडकीएवढं, तिच्या त्या खिडकीत शववाहिका आणून उभी करायची? सकाळी डोळे उघडले की ती, संध्याकाळी दिवा लावला की ती. आजींचं वय काय, प्रकृती काय. उद्या काही झालं तर आपणच तिला रोज आठवण करून देत होतो असं व्हायचं. ही टोचणी त्यांना झोपू देईना.

यावर त्यांनी तोडगा काढला: चार्जर मागच्या भिंतीला.

वायरमन आला. तरणाबांड, कमरेला पक्कडींचा पट्टा, तोंडाने अखंड शीळ. त्याने मीटर पाहिला, अर्थिंग तपासलं, फरशीवर पावलं टाकून अंतर घेतलं आणि खडूने पुढच्या भिंतीवर, बरोबर आजींच्या खिडकीखाली, चौकोन काढला.

"इथे," तो म्हणाला. "मीटर इथे, गाडी इथे, वायर हातभर. अर्ध्या दिवसाचं काम."

"मागे बघा," महापौर हळूच म्हणाले.

"मागे काय आहे?"

"भिंत आहे."

वायरमन मागे गेला आणि बोळ बघून परत आला. "काका, बोळात गाडी शिरेल, पण दार उघडणार नाही. तुम्ही उतरणार कुठून? काचेतून?"

"वायर लांब घेतली तर? गाडी बोळाच्या तोंडाशी उभी करीन."

"वायर मग छपरावरून न्यायची, स्वयंपाकघराला वळसा घालायचा, उन्हापावसात तापणार, भिजणार. एवढा लोड आहे, ही काय दिव्यांची माळ नाही. मीटर पुढे, गाडी पुढे आणि चार्जर मागे. कारण काय ते तरी सांगा."

महापौरांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून आजींचा आवाज आला, "कसला चौकोन काढतोयस रे भिंतीवर?" महापौरांनी चटकन बाहीने खडू पुसला आणि म्हणाले, "काही नाही आई, ओल बघतोय." वायरमनने ओल नसलेल्या भिंतीकडे पाहिलं, मग महापौरांकडे पाहिलं आणि शीळ घालत निघून गेला. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला, पुन्हा पुढेच चौकोन काढला आणि तोही पुसला गेला. तिसऱ्या वेळी त्याने खडू आणलाच नाही.

वहिनी, म्हणजे महापौरांच्या सौभाग्यवती, शिवणकाम करतात आणि कापड असो की विषय, सरळ कापतात. "अहो, आईंना विचारून टाका ना एकदाचं."

"काय विचारू? आई, तुझ्या उशाशी शववाहिका लावू का? असं?"

"असंच. त्या काय लहान बाळ आहेत?"

"तू विचार."

"मी? तुमची आई आणि तुमची गाडी. मी मध्ये पडले तर उद्या दोन्हीकडून माझ्याच नावाने खडे फोडाल."

महापौरांनी प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा गोळ्या देताना सुरुवात केली, "आई, हल्ली विजेच्या गाड्या निघाल्यात." आजी म्हणाल्या, "तीन घरं सोडून राहणाऱ्याने घेतलीय, पांढरी. रोज सकाळी पुसतो आणि बायकोला बसू देत नाही." तिथून विषय त्या बायकोवर गेला तो परत आला नाही. दुसऱ्यांदा त्यांनी नोंदणीच्या खिडकीवरून वळसा घातला. म्हणाले, "आई, मला खिडकीतली नोकरी मिळतेय, तुझ्यासारखी." आजी म्हणाल्या, "तुला जमायची नाही. तू लोकांवर ओरडत नाहीस." लोकांच्या घरात जाऊन, हंबरडा फोडणाऱ्या माणसाला खांद्याला धरून बाजूला नेणारा हा गृहस्थ; स्वतःच्या आईसमोर त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मला विचाराल तर यात नवल नाही. परक्यांचं दुःख हाताळायला सराव लागतो, आणि घरच्या माणसावर सराव करता येत नाही.

महिना संपत आला. नवी गाडी यार्डात आली. साहेब म्हणाले, "शनिवारी एकदा घरी नेऊन बघा, फाटकातून जाते का, नीट उभी राहते का. सोमवारी मला हो किंवा नाही सांगा. तिसरं काही सांगू नका."

महापौरांनी दुपारची वेळ निवडली. जेवण झालं की आजी तासभर डोळा लावतात. तेवढ्यात आणायची, माप बघायचं, न्यायची. ताकास तूर लागू द्यायची नाही. वहिनींना सांगितलं, फाटक उघडं ठेव. गाडी गल्लीत शिरली ती आवाज न करता. मी व्हरांड्यात बसलो होतो, पेपरवरून मान वर केली तेव्हा ती माझ्यासमोर होती. लांबलचक, करड्या रंगाची, नवी कोरी.

आणि मग जे झालं ते या धंद्यातल्या माणसाच्याच हातून होऊ शकतं.

माप घ्यायला आलेला माणूस गाडी सरळ आत घालेल, उतरेल, बघेल आणि मागे घेईल. महापौरांच्या हातांना असलं काही माहीत नव्हतं. दारात जायचं म्हणजे कसं, हे हातांना एकाच पद्धतीने ठाऊक. त्यांनी फाटकाबाहेर गाडी वळवली, आरशात बघत पाठमोरी आत घेतली, एकदाही पुढेमागे न करता मागचं दार घराच्या उंबरठ्यासमोर आणून थांबवली. उतरले. मागची दोन्ही दारं उघडून टाकली. शर्ट नीट केला. आणि दाराच्या एका बाजूला, हात पुढे बांधून, मान खाली घालून उभे राहिले. घरातले लोक बाहेर येईपर्यंत उभं राहायचं असतं तसे.

आपण कुणाच्या दारात उभे आहोत हे त्यांच्या लक्षात यायच्या आत गल्लीच्या लक्षात आलं. शेजारी घरांची दलाली करणारे एक गृहस्थ राहतात. गल्लीत काय रिकामं होणार हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. ते शर्टाची बटणं लावत धावत आले. मागून त्यांची बायको. मागून मी, खोटं कशाला बोला, चप्पल न घालता. कोपऱ्यावरचा न्हावी एका गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून आला. पाहता पाहता फाटकाशी रांग झाली. दलालांनी महापौरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"कधी?" त्यांनी विचारलं.

महापौरांनी मान वर केली. काय विचारलं ते त्यांना कळेना.

"झोपेतच ना? सुटल्या. फार चांगल्या होत्या."

महापौरांनी रांगेकडे पाहिलं. सगळ्यांचे चेहरे पडलेले. उघडी दारं पाहिली, आतलं रिकामं स्ट्रेचर पाहिलं, खिडकी पाहिली. खिडकीत आजी दिसल्या नाहीत. आणि इथे त्यांची पाचावर धारण बसली. असले चेहरे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते आणि ते चेहरे कधी खोटे निघाले नव्हते. एवढे लोक आलेत म्हणजे झालंच असणार, आपल्यालाच कळायला उशीर झाला, असं त्यांना वाटलं. कधी न धावणारा तो माणूस "आई!" म्हणून घरात धावला. आवाजही सुटलेला. इतका मोठा आवाज त्यांना आहे हे गल्लीला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात खिडकीत आजींचं डोकं वर आलं. आरडाओरड्याने जाग्या झालेल्या, केस विस्कटलेले, चष्मा शोधत असलेल्या.

"कोण गेलं?" आजींनी विचारलं.

 न्हावी दोन पावलं मागेच सरला. आजींनी चष्मा लावला, गाडी पाहिली, रांग पाहिली, दलालांचे जोडलेले हात पाहिले. बस स्थानकावरची नोकरी वाया गेली नव्हती.

"अच्छा, मी होय!" त्या म्हणाल्या. आणि दलालांकडे बोट करून, "तू आलास ते बरं केलंस. आमची शिडी नेलीयस, ती आणून दे. मी गेल्यावर देणार होतास का?"

दलाल शिडी आणायला जे गेले ते शिडी घेऊन आलेच नाहीत, बायकोच्या हाती पाठवली. रांग पांगली. मीही घरात आलो, पण खिडकी समोरासमोर असल्यामुळे बरंचसं ऐकू येत होतं. राहिलेलं नंतर वहिनींनी सांगितलं.

महापौर पलंगाशी जमिनीवर बसले होते, धाप लागलेली. वहिनींनी पाणी आणलं ते आधी कुणाला द्यावं हे त्यांना कळेना. शेवटी सगळं एकदम बाहेर पडलं: नवी गाडी, चार्जर, पुढची भिंत, मागची भिंत, ठेकेदार, नोंदणीची खिडकी. "तू नको म्हणाली होतीस आई. दारात आणायची नाही म्हणाली होतीस. मी माप घेऊन लगेच नेणार होतो. आता सोमवारी साहेबांना नाही सांगतो. झालं."

"कधी म्हणाले होते मी?"

"नोकरी लागली तेव्हा."

आजींना आठवायला वेळ लागला. "अरे, तेव्हा तुझा बाप आजारी होता. त्याचा पलंग इथेच होता. त्याच्या डोळ्यांपुढे नको म्हणून म्हटलं. तो जाऊन किती वर्षं झाली, आणि तू अजून गाडी बाहेर ठेवतोयस?"

  इतक्या वर्षांच्या अवेळीच्या स्कूटर फेऱ्या महापौरांच्या डोळ्यांपुढून गेल्या असाव्यात.

आजी खिडकीतून बघत होत्या. गाडी पाठमोरी लावलेली, दारं अजून सताड उघडी, त्यामुळे आतलं सगळं त्यांना पलंगावरून दिसत होतं. दोन्ही बाजूंची बाकं, मधली जागा, भिंतीतल्या कड्या. "पट्टे आहेत का बांधायला?" त्यांनी विचारलं.

"आहेत. नवीन प्रकारचे आहेत. हलत नाही."

"तुझ्या बापाच्या वेळी नव्हते."

महापौरांनी मान खाली घातली. वडील गेले तेव्हा गाडी त्यांनी चालवली नव्हती. महापालिकेचा तसा रिवाजच आहे, चालकाच्या घरी असं काही झालं तर फेरी दुसऱ्याला द्यायची. मुलगा मागच्या बाकावर बसला होता, आईशेजारी, आणि गाडी दुसऱ्या एका नवख्या चालकाने चालवली होती.

"पुलाजवळच्या वळणावर त्याचं डोकं आपटलं," आजी म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. "मी हात धरून होते, डोकं धरायला पाहिजे होतं. पुढे गतिरोधकावर पुन्हा आपटलं. तू समोर बघत होतास. मी तुला काही बोलले नाही. त्याला लागत नव्हतं हे मला कळत होतं रे. पण मी बघत होते."

"मलाही दिसलं होतं आई," महापौर म्हणाले.  दोघांनीही ते एकाच बाकावर बसून पाहिलं होतं आणि दोघांनीही एकमेकांपासून लपवून ठेवलं होतं.

"तर तू त्या खिडकीवर बसायला गेलास," आजी म्हणाल्या, "तर मला कोण नेणार? ठेकेदाराचं पोर?"

"आई, असलं काही बोलू नको."

"मी नाही बोलायचं तर कुणी बोलायचं? तो दलाल? त्याचं तर बोलूनही झालं. नीट ऐक. गाडी तुझ्याकडेच राहू दे. आणि मला तू न्यायचंस. मागे बसायचं नाही. मागे सूनबाई बसेल, पोरी बसतील. तू पुढे बस आणि चालव."

"देत नाहीत आई. घरच्या माणसाची फेरी चालकाला देत नाहीत."

"साहेबाला विचार."

"आणि दिली तरी मला नाही जमणार." त्यांनी पलंगाची कड धरली. "मला नाही जमायचं. खरंच सांगतो. हात चालणार नाहीत माझे."

आजींनी हात लांब करून त्यांच्या डोक्यावर ठेवला. एवढ्या मोठ्या माणसाच्या, पांढऱ्या केसांच्या. "जगातल्या सगळ्यांच्या आया इतक्या जपून नेतोस," त्या म्हणाल्या, "मग मीच काय घोडं मारलंय?"

सोमवारी महापौर साहेबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हो. चार्जर बसवा." साहेबांना बरं वाटलं. मग महापौर म्हणाले, एक सवलत हवी आहे, घरची एक फेरी मलाच मिळावी. साहेबांनी सवयीने पेन उचललं. "कुणासाठी?"

"आईसाठी."

"अरेरे. कधी?"

"ते सांगता येत नाही. अजून आहे ती."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "फार आजारी आहेत का?"

"नाही. ठणठणीत आहे. तिनेच पाठवलंय."

असल्या अर्जाला महापालिकेत रकाना नाही. साहेब एवढंच म्हणाले, "तेव्हा मला फोन करा. मी बघतो." माझं साहेबांविषयी फारसं चांगलं मत नव्हतं, पण या एका वाक्यासाठी मी त्यांना बरंच माफ केलं आहे.

वायरमन शीळ घालत आला. पुढच्या भिंतीवर, खिडकीखाली, त्याने चौकोन काढला आणि कुणी पुसतंय का म्हणून क्षणभर थांबला. कुणी पुसला नाही. अर्ध्या दिवसात पेटी बसली, वायर जोडली, अर्थिंग पुन्हा तपासून झालं. आजी वरून सूचना करत होत्या, पेटी तिरकी आहे, उजवीकडे घे. पेटी तिरकी नव्हती, तरी त्याने हात लावल्यासारखं केलं.

संध्याकाळी महापौर गाडी घेऊन आले. या वेळी तोंड आत, मागचं दार रस्त्याकडे. उतरले, केबल हातात घेतली आणि तसेच उभे राहिले. गाडीत खोचायची एवढंच काम होतं. पण ती खोचली म्हणजे आपण आईला शब्द दिला, आणि तो एक दिवस पाळावा लागणार, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं असावं. आधी कळलंच नव्हतं असं नाही, पण नुसतं कळणं वेगळं आणि हातात केबल असणं वेगळं.

"बघतोस काय, लाव," आजी म्हणाल्या.

त्यांनी लावली. पेटीवर हिरवा दिवा लागला. मग महापौर आपल्याच दारात, गाडीला टेकून, रडायला लागले. इतक्या घरांत गेलेला हा माणूस, मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. बाप गेला तेव्हाही नाही. खांदे हलत होते, आणि खिशातले दोन्ही रुमाल तसेच खिशात होते.

आजींनी एकदाच खाली पाहिलं. मग हात वर करून खिडकीचा पडदा ओढून घेतला. बाहेर अजून उजेड होता, गल्लीत माणसं येत-जात होती, आणि आजी काहीच बघत नव्हत्या.